पेटी जड लागतेय

"काटा कशाला? हात आहेत ना!" असं म्हणत काकू कुठलीही वस्तू एका बाजूने जराशी उचलायच्या आणि निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या. लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डमधल्या मराठी मंडळींच्या बॅगा तर त्यांनी उचलून पाहिल्याशिवाय विमानतळाकडे निघतच नसत. "तेवीस किलोच्या आत आहे. अजून दोन चॉकलेटचे डबे कोंबा." विमान कंपन्यांनी ह्या बाईंना नोकरी का दिली नाही, देव जाणे.

अशी बाई रिटायर झाल्यावर स्वस्थ बसेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही असल्या काकू पाहिलेल्याच नाहीत. कौन्सिल भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देतं त्या अलॉटमेंटवर, नेमकी माझ्या वाफ्यांशेजारी, त्यांनी मधमाश्यांची पेटी आणून ठेवली. मी मेथी लावायचो आणि गोगलगायी ती खायच्या. माझ्या शेतीचं चीज करणारं तेवढंच कुटुंब होतं.

सप्टेंबर संपता संपता पेटीची परीक्षा असे. झाकण उघडायचं नाही, मागून पेटी बोटभर उचलायची. जड लागली तर आत थंडीपुरता मध आहे. हलकी लागली तर माश्यांना पाक घालायचा, नाहीतर वसंत यायच्या आत सगळ्या उपाशी मरतात. ह्या परीक्षेला मी प्रेक्षक म्हणून हजर असे. बोलायची परवानगी नव्हती.

त्या वर्षी काकूंनी पेटी उचलली, दातओठ आवळले आणि धापा टाकत जाहीर केलं, "जड लागतेय रे! प्लेंटी मध आहे. डोन्ट वरी, यंदा पाक नको."

त्या नळावर हात धुवायला गेल्या तेव्हा मी सहज पेटी उचलून पाहिली. चहाच्या ट्रेसारखी वर आली.

आधी मला हसूच आलं. सापडल्या एकदाच्या! मग नळाखालच्या त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. मागे सारलेल्या बांगड्या पार कोपरापर्यंत जात होत्या. पेटी जड नव्हती, काकूंच्या हातांतली ताकद गेली होती.

हे त्यांना सांगणार कोण? त्यापेक्षा पाक करणं सोपं होतं. मग रोज सकाळी ऑफिसच्या आधी पातेलं घेऊन मी चोरासारखा अलॉटमेंटवर जाऊ लागलो. मधमाश्यांना उपकार वगैरे कळत नाहीत. ट्रेनमध्ये लोक माझ्या सुजलेल्या नाकाकडे बघून जागा बदलायचे.

डिसेंबरात काकूंना न्यूमोनिया झाला आणि मुलगी त्यांना लेस्टरला घेऊन गेली. तिथून दर रविवारी फोन यायचा. तब्येतीचं विचारलं की म्हणायच्या, "माझं सोड. माश्या जगल्यात का?"

मे महिन्यात काकू गेल्या. पण त्याआधी मार्चमध्ये एक दिवस ऊन पडलं आणि माश्या बाहेर आल्या, पायांना पिवळे पराग लावून ये-जा करू लागल्या. मी तिथूनच फोन लावला आणि ठरवून ठेवलेली थाप ठोकून दिली. "काकू, जगल्या! तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला!"

पलीकडे काकू खोकल्या.

"पाक पांढऱ्या साखरेचाच केलास ना रे? गूळ नाही ना घातलास? गुळाने पोट बिघडतं त्यांचं."

"साखरेचाच केला, काकू," मी कबूल केलं.