जिन्याखालचं घंगाळ

“हात लावा, पावणं.”

चाचा हे म्हणायचे ते नेमके ‘हात लावू नये’ या पाटीखाली उभे राहून. पाटी मीच रंगवून घेतलेली, त्यामुळे मला रागही यायचा. पण तोवर पाहुण्याचा हात सागवानी खांबावर गेलेला असायचा.

जुन्नरच्या पेठेतलं एका जुन्या व्यापाऱ्याचं दुमजली घर डागडुजी करून लोकांना पाहायला खुलं केलंय. तिथली तिकिटं आणि किल्ल्या माझ्याकडे असतात. चाचा मूळचे सुतार. दुरुस्तीच्या कामाला आले आणि काम संपल्यावर घर दाखवायला तिथंच राहिले.

“या खांबाला खालून म्या जोड दिलाय. सापडतो का बघा,” असं ते प्रत्येकाला डिवचायचे. पुण्याची शिकलीसवरलेली मंडळी चष्मा वरखाली करून थकायची. घाटघरच्या एका म्हाताऱ्यानं मात्र डोळे मिटून खांबावरून बोट फिरवलं आणि बरोबर जागी थांबवलं. चाचांनी त्याला चहा पाजला आणि संध्याकाळपर्यंत मला ऐकवत राहिले, “माणूस व्हता, ताई, माणूस!”

भिंतीतला जिना अरुंद आणि अंधारा आहे. चाचा पुढे चालत मागच्यांना सांगायचे, “अकरा पायऱ्या. सातवी उंच हाय.” वरच्या दिवाणखान्यात लाकडी छताखाली भिंतीवर एक पोपट रंगवलेला आहे, डाळिंब खाणारा. तो त्यांचा लाडका.

एकदा तिथलं रंगकाम निघालं. कारागिरांनी आदल्या दिवशी उशिरा त्या भिंतीवर जाड कापड लावलं. सकाळी चाचांनी नेहमीप्रमाणे तिकडे बोट केलं. “चोचीतला दाणा बघा. कसा लाल हाय!” लोकांना ती गंमत वाटली, ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

दुपारी मी त्यांना सरळ विचारलं, “चाचा, किती दिवस झाले?”

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “दोन वर्सं. उजेड तेवढा कळतो. ताई, वर सायबांना सांगू नका. पोरगं मला नारायणगावच्या नव्या फ्लॅटात नेऊन बसवंल. तिथं मला कशाचीच जागा ठावी न्हाई.”

मी कबूल केलं. त्या दिवसापासून पाटीचा रागही गेला. हे घर ते हातानं पाहत होते आणि तसंच आम्हाला दाखवत होते.

मग एक दिवस माहितीपत्रकासाठी फोटो काढायला माणूस आला. जिन्याखाली एक मोठं तांब्याचं घंगाळ आहे, पूर्वी आंघोळीच्या पाण्याचं. तो म्हणाला, उजेडात हवं. दोघांनी धरून आम्ही ते चौकात आणलं. फोटो झाले, तो गेला आणि मी फोनवर बोलत बसले.

चाचा जिना उतरून झपझप चौकात आले.

मनगट मोडलं. मी धावत गेले तेव्हा ते फरशीवर बसून चांगल्या हातानं घंगाळ चाचपत होते. “हे चालायला कधीपासनं लागलं, ताई?” एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दवाखान्यात डोळ्यांचंही कळलं आणि वरिष्ठांनी त्यांना कामावरून थांबवलं. घंगाळ मी हलवलं, हे मी सांगितलं. त्यानं काही बदललं नाही. त्यांचा मुलगा भला माणूस. तो त्यांना नारायणगावला घेऊन गेला.

मी फ्लॅटवर भेटायला गेले. चाचा खुर्चीत बसून शेजारच्या भिंतीवरून हात फिरवत होते. “सगळं लई गुळगुळीत हाय. कुठं आलो ते समजतच न्हाई.” मग म्हणाले, “घंगाळ कुठं ठिवलं?”

“जिन्याखाली.”

“मंग ठीक.”

चाचा गेल्या हिवाळ्यात वारले. ‘हात लावू नये’ची पाटी अजून आहे, पण मी तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही. फोटो काढणारे येतात आणि कुरकुरतात, ताई, तिथं अंधार आहे, जरा पुढे घेऊ या का?

मी घंगाळाला हात लावू देत नाही.