बाई, मला फिट लिहून द्या!

काही शब्दच खोडकर असतात. त्यांच्या मागे किस्से शेळ्यांसारखे चालत येतात! सावेडीत मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे मी अठरा वर्षं कंपाउंडर आहे. माझ्या कळपाची म्होरकी म्हणजे ‘फिट’!

एक ड्रायव्हर आला. नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं होतं.

“बाई, मला फिट लिहून द्या.”

“कधीपासून?”

“कधीपासून काय? जन्मापासनं फिट हाय मी!”

बाईंनी तसंच लिहिलं. वर गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायला बंदी!

*

घोडेगावच्या बाजारात बैलांच्या एका दलालाला झटका आला. लोकांनी रीतीप्रमाणे चपला हुंगवल्या.

बाईंनी विचारलं, “शुद्धीवर आल्यावर काय जाणवलं?”

“नाकाशी तीन चपला हुत्या, बाई. पायात एक बी न्हाई!”

*

तेव्हापासून बाई वेटिंग रूममध्येच समजावतात. चप्पल नको, कांदा नको, माणसाला कुशीवर वळवा. एकदा रंगात येऊन म्हणाल्या, “एपिलेप्सी हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ, अचानक धरणं.”

कोपऱ्यातली म्हातारी उसळली, “मंग आमी काय येगळं म्हनत हुतो? ‘पोराला धरलंय’ म्हनलं की खेकसता आमच्यावर!”

“अहो आजी, बाहेरचं काही धरत नाही.”

“ग्रीक म्हंजी बाहेरचंच की वो!”

*

देवळाली प्रवराचे नाना तसे धीट गडी. पण लेकीच्या फिटचा विषय निघाला की घाम फुटायचा. अर्चनाची दोन स्थळं त्यापायीच मोडलेली. तिसरं बघायला आलं, तेव्हा नानांनी आधाराला मला बोलावलं. दारातच दम दिला, “तो शब्द काढायचा न्हाई!”

अर्चना चहा घेऊन आली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “पोरीला काई दुखनं-बिखनं?”

नानांना खोटं बोलवेना, खरं सांगवेना. शेवटी बाईंचा संस्कृत शब्द फेकला, “थोडा... अपस्मार.”

“कॉलेजातला इषय व्हय? मग चांगलंच की! शिकलेलीच सून पायजे आमाला. कितवं वर्ष हाय?”

माझा चहा नाकात गेला!

अर्चनाच मुलाच्या वडिलांना म्हणाली, “मामा, अपस्मार म्हणजे फिट. मला येते. दोन वेळा गोळी घेते. वर्षभर आलेली नाही.”

मुलाच्या वडिलांनी टोपी घातली. “चला.”

मुलगा काही उठला नाही. अर्चनाला म्हणाला, “त्या गोळीनं सकाळी झोप येते का तुम्हाला?”

“आधी यायची. आता नाही.”

“मला अजून येते.”