कणगीमागची खोकी

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी कपाळावर जातो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण डोक्याचा खरा भुगा केला तो खेळण्यातल्या गाड्यांच्या दोन खोक्यांनी.

तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. होळी तोंडावर आली होती. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार म्हणजे सातपुड्यातली वर्षाची मोठी खरेदी. पाडेच्या पाडे ढोल घेऊन खाली उतरतात आणि बंदोबस्ताला माणसं कुठून आणायची या विचाराने ठाणेदाराची झोप उडते. अशातच एका सकाळी रनाळ्याचे बापलेक ठाण्यात आले. आले तेच भांडत.

मुलगा चांगल्या शेतकरी घरातला. सुरतेची कारखान्यातली नोकरी सोडून त्याने रिमोटवर चालणाऱ्या गाड्या विकायचा धंदा सुरू केला होता. सुरतेहून ठोक माल आणायचा, आठवडी बाजारात गोणपाट अंथरायचं आणि एक गाडी गर्दीच्या पायांमधून पळवायची. माल खपायचा. पण सेल स्वस्तातले. ते संपले की पुढच्या बाजारी गिऱ्हाईक गाडी घेऊन भांडायला हजर, आणि हा पेचकस घेऊन त्यांची समजूत काढत बसलेला. भोंगऱ्यासाठी त्याने होतं नव्हतं ते घालून माल आणला आणि दोन मोठी खोकी अक्कलकुव्याहून मोलगीच्या जीपवर चढवून दिली. स्वतः दुसऱ्या दिवशी जाणार होता. गेला तर खोकी नाहीत, जीप नाही, ड्रायव्हरचा फोन बंद.

"ड्रायव्हरचं नाव?"

"नाव नई माहीत, साहेब. सगळा त्याले शेठ म्हंतस."

"जीपचा नंबर?"

"निळी शे."

मी पेन खाली ठेवलं. सगळी पुंजी माणसाच्या हवाली करायची आणि त्याचं नाव विचारायचं नाही!

एवढ्यात बापाने तोंड उघडलं. "साहेब, याले तुम्हीच समजाडा. वावर सोडीसन खेळना इकी ऱ्हायना. मी सांगी टाकं, होळी लगून तुले जे करनं शे ते कर. नई जमनं ते गपचूप वावरम्हा येवानं."

"भोंगऱ्याना बाजार गया ते मन्हा धंदा बसना, साहेब," पोरगा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती. तक्रार लिहून घ्यायला सांगितली.

बातमी आली ती आमच्या मोलगीच्या खबऱ्याकडून. मोलगीच्या पुढच्या पाड्यावर, रस्त्याला लागून एका म्हाताऱ्याचं घर आहे. त्याच्या धान्याच्या कणगीमागे खोकी ठेवली आहेत, त्यांत वायरी आहेत, लाल दिवे आहेत. "साहेब, बॉम्ब आहे," असं त्याने वर स्वतःच्या पदरचं जोडलं. खबरी लोकांची ही खोड मला पाठ होती. साध्या बातमीला मोल नाही म्हणून तिला फोडणी द्यायची. नशीब, तो हे फक्त माझ्या कानात बोलला. नाहीतर जिल्ह्याहून पथक आलं असतं आणि माझा भोंगऱ्या तिथेच झाला असता.

डोंगरातलाच एक कॉन्स्टेबल आणि तो पोरगा यांना घेऊन मी निघालो. बाप न बोलावता गाडीत चढून बसला. मोलगी ओलांडली तर रस्त्याकडेला निळी जीप उभी. एक चाक निघालेलं, खाली दगड लावलेले, ड्रायव्हरचा पत्ता नाही. समोरच ते घर.

म्हातारा अंगणात टोपली विणत बसला होता. कॉन्स्टेबलने त्याला 'बाबा' म्हणून हाक मारली आणि माझे प्रश्न त्याच्या बोलीत विचारायला सुरुवात केली.

"चोरीचा माल घरात आहे का?"

"नाही."

"कोणी काही आणून ठेवलंय?"

"लोक ठेवतात. बाजाराला येतात, जातात."

"काय ठेवतात?"

"ज्याचं त्याला माहीत."

असं बराच वेळ चाललं. मी आवाज चढवला, तर त्याने घरातून मला पाणी आणून दिलं. अट्टल गुन्हेगार बरे. ते निदान घाबरतात. पंचांशिवाय झडती घ्यायची नाही, आणि पंचांना आणायला माणूस पाठवावा म्हणून मी वळलो, तेवढ्यात त्या पोराने खिशातून रिमोट काढून दाबला. एका लॉटच्या सगळ्या गाड्या एकाच रिमोटवर पळतात, ही त्याच्या धंद्यातली मोठी डोकेदुखी. आणि नमुना दाखवायला प्रत्येक खोक्यात एक गाडी सेल घालून, बटण चालू ठेवूनच भरायची त्याची सवय.

कणगीमागून घर्र असा आवाज आला आणि पुठ्ठ्यावर काहीतरी धडकलं.

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. तो कॉन्स्टेबलला म्हणाला, "आहेत की खोकी. चोरीची नाहीत. जीपवाल्याने ठेवलीत. तो आला की त्याला देईन."

"अहो, मालक हा आहे!"

"असेल. माझ्याकडे याने ठेवली नाहीत."

"मी पोलीस आहे!"

"तुम्हीही ठेवली नाहीत."

ज्याने ठेवलं त्याच्याच हातात द्यायचं, ही त्या घराची रीत. त्या रस्त्याने येणारे जाणारे सगळे त्याच भरवशावर तिथे गाठोडी टाकून जात. माझ्यापुढे एकच सरळ मार्ग उरला. पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, माल जप्त करायचा. मी तसं बोलूनही दाखवलं.

आणि तोपर्यंत पोराला शिव्या देणारा बाप माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "जप्त नका करा, साहेब. कोर्टाम्हाईन माल सुटस तोपर्यंत होळी पेटी जाई. मन्हा पोऱ्याना धंदा बुडी जाई."

पोरगा बापाकडे बघतच राहिला. बाप खरं बोलत होता. मुद्देमालाच्या खोलीत गेलेली वस्तू लवकर बाहेर येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी कॉन्स्टेबलला तिथे बसवलं आणि ड्रायव्हरचा शोध लावायला ठाण्याकडे गाडी वळवली. वाटेत भेटेल त्या जीपवाल्याला थांबवून विचारलं. कोणी म्हणालं सुरतेला गेला, कोणी म्हणालं लग्नाला.

ठाण्याच्या व्हरांड्यात पाय ठेवला आणि पोरगा ओरडला, "साहेब, हाऊच तो शेठ!"

बाकावर एक माणूस पेंगत होता. हवालदार पुढे आला, कडक सॅल्यूट ठोकला. "टपावर माणसं बसवून जीप चालवत होता, साहेब. लायसन नाही. तुम्ही गेल्यागेल्या पकडून आणलाय. तुमचीच वाट बघत होतो."

ड्रायव्हर डोळे चोळत उठला. "मी ते सकायपाईन सांगी ऱ्हायनू. मोलगीले माल लेवाले कोनी नव्हतं, म्हनीसन पुढे लई गयथू. तठे मन्ही जीप मोडनी, लायसन त्याम्हाच ऱ्हायनं. चाकनं सामान लेवाले दोस्तनी जीप लीसन गयथू. माल बाबाकडे ठेयेल शे, फोननी बॅटरी उतरनी. पन आठे कोन आयकस?"

मी हवालदाराकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

पुन्हा डोंगर चढलो. म्हाताऱ्याने ड्रायव्हरला नीट न्याहाळलं, खोकी ओढून बाहेर काढली आणि त्याच्या हातात दिली. ड्रायव्हरने तिथेच उभ्या असलेल्या पोराला दिली. झालं. दिवसभर माझ्या गाडीचं डिझेल जळलं होतं ते एवढ्यासाठी. टपावर माणसं बसवल्याचा दंड मात्र मी ड्रायव्हरला केलाच; कोणावर तरी राग काढायला हवा होता.

भोंगऱ्याच्या दिवशी मी बंदोबस्तात फिरत होतो. ढोलांच्या गजरात एका गोणपाटाभोवती ही गर्दी. पोरगा गाडी पळवत होता आणि बाप मांडी घालून, पेचकस हातात घेऊन, सेल बदलत गिऱ्हाइकांवर खेकसत होता. होळी झाली, पण वावराचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्या प्रकरणाने मला एक धडा दिला. आम्ही पोलीस दारात पाऊल ठेवतो तेच चोरी मनात धरून. त्यानंतर मी कोणाच्याही दारात गेलो की आधी विचारत असे, "काय ठेवलंय आणि कोणी ठेवलंय?" अर्धे गुन्हे तिथेच विरघळायचे.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो. आता तो पोरगा आपला माल त्याच म्हाताऱ्याकडे ठेवतो. पोराचा मला फोन आला, "साहेब, येतानी बाबाकडथून एक खोकं लई या ना." मी गेलो. म्हाताऱ्याने मला ओळखलं, हसला, पाणी दिलं, कणगीमागे रचलेली खोकीही दाखवली. द्यायला मात्र साफ नकार. माझा हात आपोआप कपाळावर गेला. रिकाम्या हातांनी मी डोंगर उतरलो. पण उद्या घरातलं सोनंनाणं कुठे ठेवून गावाला जायची वेळ आली, तर मला दुसरं घर आठवणार नाही.