मे महिन्यात मोजलेल्या विहिरी

अकरावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले, तर पप्पांनी टेबलावर एक चकचकीत पत्रक ठेवलेलं. उल्हासनगरच्या एका क्लासचा समर कॅम्प. लीडरशिप, पब्लिक स्पीकिंग आणि शेवटी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. त्यांच्या ऑफिसातल्या दोघांच्या मुलांनी नावं घातली होती, म्हणजे आमच्या घरापुरता प्रश्न मिटला होता.

मी डेमोला गेले. एसी हॉलमध्ये सरांनी विचारलं, "लीडर कोणाला म्हणायचं?" कोणी तोंड उघडायच्या आत उत्तर स्क्रीनवर आलं. शेवटी मी विचारलं, "सर, आज मला जे येत नाही, असं काय मला महिन्याभरात येईल?"

सर हसले. "बेटा, सर्टिफिकेट मिलेगा ना."

आमच्या कॉलेजच्या भूगोलाच्या मॅडम दर उन्हाळ्यात तीन-चार मुलींना घेऊन बारवी धरणाकडच्या पाड्यांवर जायच्या, विहिरींचं पाणी मोजायला. त्यांनाही मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "उन्हात फिरशील, चुकशील, परत मोजशील. कागद काही मिळणार नाही."

घरी सांगितलं तेव्हा पप्पा भडकले. "विहिरीत वाकून बघायला अकरावी सायन्स कशाला लागतं?"

"कॅम्पला मी जाणार नाही," मी म्हणाले. मॅडमच्या फॉर्मवर पालकांची सही हवी होती. दोन दिवस फॉर्म टेबलावर तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी मम्मीने भाजी चिरता चिरता हात पुसला आणि सही केली. आठवडाभर मी बोलायला लागले की पप्पा उठून जायचे.

पहिल्याच पाड्यावर हंडा घेऊन आलेल्या एका मावशींनी मला अडवलं. "पानी हाय का नाय, आमाला डोल्यांनी दिसतं. तुला पट्टी लागते?"

मी मोजायची लांब पट्टी विहिरीत सोडली आणि आकडा वहीत लिहिला. दर शनिवारी मी त्याच विहिरीवर जात राहिले. चौथ्या शनिवारी पट्टीबरोबर नुसता चिखल वर आला. मॅडमनी पंचायतीतून आणलेल्या कागदावर मात्र त्या विहिरीपुढे 'बारमाही' लिहिलं होतं, आणि बारमाही विहीर असलेल्या पाड्याला टँकर मिळत नव्हता. मी आकडे दाखवले तेव्हा पंचायतीतले साहेब म्हणाले, "तुम्ही मुली प्रोजेक्ट करा, फोटो काढा. हे सरकारी काम आहे."

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. मी वही घेऊन उभी राहिले, तर साहेबांनी हात आडवा केला. "तू गावची नाहीस. खाली बस."

मी बसले नाही. तेवढ्यात मागून त्या मावशी उठल्या. "मी गावची हाय. मला वाचता येत नाय. माज्या वतीनं ती वाचंल."

मी वाचलं. चार शनिवार, चार आकडे, शेवटचा शून्य. वाचून संपलं तरी मी उभीच राहिले. पाड्यावरच्या बायकांनी साहेबांना त्याच सभेत 'बारमाही' खोडायला लावलं. आठवड्याने टँकर सुरू झाला. रोज येत नसे. ज्या दिवशी येत नसे त्या दिवशी मावशी पंचायतीत जाऊन बसत.

हे मी घरी मम्मीला सांगत होते. पप्पा पेपर वाचत होते. मध्येच म्हणाले, "पाणी इतक्या खाली. पट्टी कुठपर्यंत बुडाली ते वरून कसं कळतं?"

"पट्टीला खडू फासायचा. भिजलेल्या भागाचा रंग बदलतो."

"हं." त्यांनी पेपरची घडी घातली. "तरी सर्टिफिकेट असतं तर बरं झालं असतं."

"नसू दे," मी म्हणाले आणि पुढचं सांगायला लागले. या वेळी पप्पा उठून गेले नाहीत.