घरच्या गाडीचं बिल

आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. हे मी न विचारताही सांगते. पण त्या शिक्षणाचा खरा कस लागला तो कोगनोळीच्या अलीकडं, हायवेलगतच्या आमच्या फर्मच्या ऑफिसात.

फर्म एका घराची, धंदे तीन: पेट्रोल पंप, मालवाहतुकीचे ट्रक आणि ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. पंप मोठे मालक बघायचे, ट्रक त्यांचे धाकटे भाऊ. गॅरेजात बसणारा मालक कुणी नव्हता. तिथले हेडमिस्त्री म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील. हिशेब माझ्याकडं.

मार्च संपल्यावर मोठे मालक म्हणाले, "कुठल्या धंद्यात किती सुटतंय ते येगळं काढ गं. सगळं एकत्र बघून काय कळंना झालंय."

खर्च वाटायची त्यांची रीत ठरलेली होती. भावाभावांत शेत वाटतात तसे सामाईक खर्चाचे तीन सारखे वाटे. तसं काढलं, तर गॅरेज तोट्यात आलं. धाकट्या मालकांनी कागदावर नुसती नजर टाकली.

"बंद करा आण्णा ते. माझ्या गाड्या लावायला जागा तरी हुईल."

मोठ्या मालकांनी मान डोलावली. म्हणजे आप्पा आणि त्यांच्या हाताखालची सगळी माणसं घरी बसणार. मी म्हटलं, "आण्णा, मला एकदा नीट बघू द्या. मग काय ते ठरवा."

बघायला फार लांब जावं लागलं नाही. ऑफिसच्या खिडकीतून गॅरेज दिसतं. दिवसभर तिथं आमचेच ट्रक उभे असायचे, पण हिशेबात मिळकत फक्त बाहेरच्या गाड्यांची. पंपावरचं डिझेल घरच्या गाडीत भरलं तरी लिहिलं जायचं, कारण तिथं मीटर फिरतो. आप्पांच्या हाताला मीटर नव्हता.

"घरच्या गाडीचं बिल का होत न्हाय?" मी विचारलं.

मोठे मालक हसले. "सख्ख्या भावाला जेवायला वाढून पैसं मागतीस व्हय?"

"पैसं नकोत आण्णा. पण जेवण कुणाच्या चुलीवर शिजलं, तेवढं तरी लिहू या."

मग मी सगळं नव्यानं मांडलं. ट्रकांच्या विम्याचा तिसरा हिस्सा गॅरेजच्या माथी होता, तो ट्रकांकडं परत पाठवला. वॉचमनचा पगार जागेप्रमाणं वाटला, ऑफिसचा खर्च कुणाचं किती काम त्याप्रमाणं. माझा स्वतःचा पगारही त्यात आला. आणि आमच्या ट्रकांवर गॅरेजनं केलेल्या कामाला दर लावून ते गॅरेजची मिळकत आणि ट्रकांचा खर्च असं दोन्हीकडं धरलं. गॅरेज नफ्यात आलं. ट्रकही नफ्यातच राहिले, पण अंगावरची सूज उतरावी तसे.

धाकटे मालक भडकले. "कागदावर बिल फाडून पैसा कुठनं आला गं?"

"पैसा आलाच न्हाय. फर्मचा एकूण नफा होता तेवढाच हाय. तो कमावला कुणी, एवढंच दिसाय लागलंय."

"बापाचं गॅरेज वाचवायलीस तू!"

खोटं तरी कसं म्हणू? वाचावं असं वाटतच होतं. म्हणूनच दर मी मुद्दाम हात राखून लावले होते. मी म्हटलं, "माझा दर मानू नका. नाक्यावरच्या कुठल्याही गॅरेजात तुम्हीच विचारून या. तुम्ही आणाल त्या दरानं परत मांडते. तोटा आला तर तोटा लिहीन."

ते खरंच गेले. क्लचप्लेट बदलायला काय, गिअरबॉक्स उतरवायला काय, सगळं विचारून आले आणि मुकाट्यानं चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली. दर माझ्यापेक्षा चढे होते. त्यांच्याच दरानं मांडलं तेव्हा गॅरेजचा नफा आणखी वर गेला.

"साकु, साकु! बास झालं," मोठे मालक हसत हात वर करून म्हणाले. "आता अजून दर आणू नको रं बाबा, न्हायतर तुझे ट्रकच बंद करायची पाळी येईल!"

धाकटेही हसले. हसायला जरा उशीर लावला, पण हसले. गॅरेज राहिलं. घरच्या गाडीचंही जॉबकार्ड, म्हणजे कामाची चिठ्ठी, ऑफिसात लिहायचं, असं त्याच दिवशी ठरलं.

घरी आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मालकाच्याच गाडीला बिल? लोक काय म्हणतील गं?" मी समजावलं. ते जेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचाच एक ट्रक गॅरेजात आला. ड्रायव्हर घाईत होता. "आप्पा, ब्रेक तेवढा बघा की, निपाणीला माल टाकायचाय."

आप्पांनी पाना हातात घेतला नाही. अख्ख्या गॅरेजाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आधी ऑफिसात जा. माझ्या पोरीकडनं कार्ड घिऊन ये. त्याबिगर इथं कुणाच्या गाडीला हात लागत न्हाय."

मी कार्ड आधीच लिहायला घेतलं होतं.