लेटरच्या आधीचे पेढे

पहिल्या नोकरीत यशस्वी कसं व्हायचं याचं पुस्तक मला माझ्या बाबांनी आणून दिलं. बाबा त्याच कंपनीत लेथ मशीन चालवायचे आणि परमनंट नव्हते. माझ्या जन्माच्या आधीपासून ते कंत्राटदाराच्या माणसांत होते. कंत्राटदार बदलायचा, गेटपासचा रंग बदलायचा, मशीन तेच राहायचं.

कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीतली, पंपांचे सुटे भाग बनवणारी. मी बी.कॉम. झाले तेव्हा बाबांनी मॅनेजर साहेबांच्या कानावर घातलं आणि मला परचेसमध्ये ट्रेनी म्हणून घेतलं. माझ्याबरोबर उल्हासनगरचा एक सिंधी मुलगाही लागला. ट्रेनी दोन आणि जागा एक. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं आणि मग एकाच टेबलावर बसवण्यात आलं. सहा महिन्यांनी दोघांपैकी एकाला परमनंटचं लेटर मिळणार होतं. आमच्या घरात तोवर असलं लेटर कुणी पाहिलेलं नव्हतं.

बाबा उल्हासनगरला शर्टाचं कापड घ्यायला गेले होते. भाव पटला नाही, म्हणून येताना स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून पुस्तक घेऊन आले. मुखपृष्ठावर सूट घातलेला एक माणूस डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा होता. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हा पडंल तिथून." बाबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी ते दोन संध्याकाळींत वाचून टाकलं. इंग्रजीतून मराठीत आणलेलं होतं आणि येताना त्याला बरंच लागलेलं दिसत होतं. 'आपल्या वरिष्ठांच्या डोळ्यांशी संपर्क ठेवा' असं एक वाक्य होतं. मी पुस्तक टीव्हीवर ठेवून दिलं. तिथून ते बाबांनी उचललं आणि पुढचे तीन महिने सोडलं नाही. तरुण नोकरदारांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकाचा एकमेव प्रामाणिक वाचक मी पाहिला तो म्हणजे साठीला टेकलेला माझा बाप.

ते नुसते वाचत नव्हते, करून बघत होते. वरिष्ठांना महिन्यातून एकदा कॉफीला न्यावं असं त्यात होतं. बाबांनी सुपरवायझरला गेटबाहेरच्या टपरीवर चहाला नेलं. त्याने अर्धा कप होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाला, "मामा, उसने पैसे मागायचे असतील तर आत्ताच सांगतो, माझ्याकडे नाहीत." लिफ्टमध्ये साहेब भेटले तर अर्ध्या मिनिटात आपलं म्हणणं कसं मांडावं, यावर एक अख्खं प्रकरण होतं. आमच्या कंपनीत लिफ्ट फक्त मालाची, वर पाटी, 'माणसांनी बसू नये.' बाबांनी त्यावर दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "म्हंजे साहेबाला आधी लिफ्टमध्ये घालायला लागंल." ते प्रकरण त्यांनी नाइलाजाने सोडलं.

पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, या प्रश्नाखाली चार रेघा सोडलेल्या होत्या. बाबांनी त्या कोऱ्याच ठेवल्या. कंत्राटी माणूस रिटायर होत नाही, एखाद्या वर्षी त्याचा पास रिन्यू होत नाही, एवढंच.

नवव्या प्रकरणाचं नाव होतं, 'यश मिळालंच आहे असं समजून वागा.' मी त्याचा अर्थ असा घेतला होता की ताठ चालावं आणि कपडे इस्त्रीचे असावेत. बाबांनी वेगळा घेतला आणि त्यात त्यांची चूक होती असं मला आजही म्हणवत नाही. आमच्या बदलापूर गावात कुणी पास झालं, कुणाला नोकरी लागली, हे कसं कळतं? पेढे येतात. मार्कशीट कुणी बघायला मागत नाही. पेढा हातावर आला की बातमी खरी. मग यश मिळालंच आहे असं समजून वागायचं म्हणजे अजून काय करायचं?

सहा महिने संपायला आठवडा होता. बाबांनी मला काही सांगितलं नाही. सकाळी गावदेवीपुढे एक पेढा ठेवला, म्हणजे वरही कळवून झालं. मग ड्यूटीवर जाताना दोन खोके घेऊन गेले आणि गेटच्या वॉचमनपासून सुरुवात केली. पॅकिंग, स्टोअर, मशीन शॉप, कँटीन असं करत जेवणाच्या सुट्टीआधी ते साहेबांच्या केबिनपर्यंत पोहोचले. साहेब फोनवर होते. त्यांनी फोनवर बोलता बोलताच पेढा घेतला आणि खाल्ला. कशाचा, हे फोन ठेवल्यावर विचारलं.

मी त्या वेळी स्टोअरमध्ये माल मोजत होते. परत आले तर जो तो हसून बघत होता. माझ्या टेबलावरचा मुलगा उठून उभा राहिला आणि माझा हात हलवून म्हणाला, "काँग्रॅट्स यार! तू डिझर्व्ह करतेस, सच में." त्याच्या ओठाला पेढ्याची पूड लागलेली होती. मी म्हटलं, कशाबद्दल? त्याला तो माझा नम्रपणा वाटला. मी खिडकीतून खाली शॉपमध्ये बघितलं. बाबा रिकामं खोकं घडी करून कचऱ्यात टाकत होते आणि इतके खूश होते की मला रडूच आलं. रागानेच आलं. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आलेला नाही, आणि खाली जाऊन त्यांना एक शब्दही बोलणं मला जमलं नसतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. त्याआधी त्यांनी अकाउंट्सला फोन करून आपण एखाद्या लेटरवर सही केली आहे का, याची खात्री करून घेतली होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, सर. बाबांनी पुस्तकात वाचलं."

"कुठल्या?"

मी मुखपृष्ठाचं वर्णन केलं.  साहेब म्हणाले, "माझ्याकडेही आहे ते. पण असं काही वाचल्याचं आठवत नाही." मी म्हटलं, नववं प्रकरण. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी असलेली दुसरी खुर्ची रिकामी होती. त्याचा चहाचा मग नव्हता, ड्रॉवरमधली चार्जरची वायर नव्हती. तिसऱ्या दिवशीही तो आला नाही आणि फोन बंद. साहेब स्वतः आमच्या टेबलापाशी आले, त्या खुर्चीकडे बघितलं, आणि म्हणाले, "असं असेल तर मग प्रश्नच मिटला. सोमवारी तुमचं लेटर काढू." म्हणजे पुस्तक खरं ठरत होतं. घरी जाऊन मी बाबांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते दहावं प्रकरण वाचायला बसले असते.

शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज मोकळा होता. तो मामाच्या फर्निचरच्या दुकानात बसायला लागला होता. त्याच्या घरचे म्हणाले होते, पेढे वाटून झाले, आता तिथे तोंड घेऊन कशाला जायचं? त्याच्या बोलण्यात काही कुरकुर नव्हती. त्याला फक्त एक जाणून घ्यायचं होतं. "तेरे लेटर में बेसिक कितना लिखा है? म्हणजे कळेल ना, मी काय मिस केलं."

मी फार सज्जन आहे म्हणून खरं बोलले असं कुणी समजू नये. खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती. पण आकडा सुचला नाही. बेसिक किती असतं, त्यात काय धरतात, काय वेगळं दाखवतात, हे मला ठाऊकच नव्हतं, आणि ज्याला विचारावं असं घरात कुणी नव्हतं. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यातच त्याला कळलं. तेव्हा सांगितलं, लेटर अजून निघालंच नाही, पेढे बाबांच्या मनाचे होते.

 त्याने विचारलं, "मी सोमवारी येऊ?"

"ये," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी तो आला आणि बुधवारी लेटर त्याला मिळालं. साहेबांनी मला कारण नीट समजावून सांगितलं. वरच्या मंडळींच्या कानावर पेढ्यांचं गेलं होतं. परचेसमध्ये माणूस असा हवा की ज्याच्या घरून ऑफिसच्या गोष्टी आधीच बाहेर फुटत नाहीत. माझ्या कामाबद्दल तक्रार नव्हती, उलट मी लिहिलेल्या ईमेल त्यांना आवडायच्या. महिनाअखेरपर्यंत थांबता येईल, असंही म्हणाले. मी थँक्यू म्हणाले. बाहेर आल्यावर, कशाबद्दल थँक्यू म्हणाले, याचा मला संताप आला.

बाबांना मी सांगितलं की त्याला टॅली माझ्यापेक्षा चांगलं येतं.

"टॅली," बाबा म्हणाले. त्यांनी मान हलवली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले.  ज्यांनी ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांच्यापैकी एकानेही कंपनीत तो विषय काढला नाही, कँटीनवाल्यानेसुद्धा नाही, आणि तो तर मेलेल्या माणसाचीही थट्टा करायचा. मला लोकांच्या त्या गप्पपणाचा फार आधार वाटला.

शुक्रवारी तो मुलगा खाली शॉपमध्ये गेला. मीही मागोमाग गेले, कारण तो बाबांशी काय बोलेल याची मला धास्ती होती. तो मशीनपाशी जाऊन उभा राहिला. बाबांनी मशीन बंद केलं.

"काका, सॉरी," तो म्हणाला. "मेरे को लगा, स्वतः येऊन तुम्हाला सांगावं."

"सॉरी कशाला? मेहनत केलीस तू," बाबा म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "लेटर हाय का जवळ?"

त्याने खिशातून घडी काढली. बाबांनी कॉटन वेस्टने हात पुसले, ते पुरेसं वाटलं नाही म्हणून नळावर जाऊन साबणाने धुतले, शर्टाला कोरडे केले आणि मग कागद हातात घेतला. चष्मा चढवला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. कागदाच्या मागच्या बाजूलाही मजकूर होता, तोही वाचला. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे होतो. सुपरवायझर लांबून बघत होता आणि बंद मशीनबद्दल काही बोलला नाही.

वाचून झाल्यावर बाबांनी कागदाची होती तशीच घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, आजारी पडलं तरी पगार देतात यात."