मामांचं छपाईचं मासिक

पेपर वाचणारी माणसं जगात खंडीभर असतील, पण पेपरावर बसणारा माणूस मी एकच पाहिला: आमच्या हिचे मामा. मुलुंडच्या आमच्या वाचनालयाचं दार उघडायच्या आधी हे पायरीवर हजर. आत शिरले की एक पेपर डोळ्यांसमोर, दुसरा कोपराखाली आणि तिसरा, कोणी पळवू नये म्हणून, चक्क बुडाखाली! कोणी मागितलाच तर "थांबा हो, गरम होतोय" म्हणून मोकळे. घरी पेपर लावायचं नाव नाही. "घरी त्याची रद्दी होते, इथे फाईल होते," हे वर. पेपर संपले की निरनिराळ्या धंद्यांची मासिकं. कुक्कुटपालन, रंग, पॅकिंग, काही म्हणून सोडायचे नाहीत. आमच्या लग्नात त्यांनी केटररला गाठून कोंबड्यांच्या खाद्यावर असं काही पिडलं की विचारू नका. आणि जेवण होतं शाकाहारी!

खरा जीव मात्र छपाईच्या मासिकात. भांडुपच्या ज्या छापखान्यात मामांनी उभी हयात मशीनवर काढली, तिथे आता टॉवर झालाय. शाईचं, रोलरचं त्यांच्याशी बोलणारं ते एकच उरलं होतं. आणि मागच्या वर्षी वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "काका, हे तुमच्याशिवाय कोणी उघडत नाही. कमिटी बंद करायचं म्हणतेय." त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही.

मग त्यांनी वाचकभरतीच काढली. मी, ही, माझी मेव्हणी, सगळ्यांना सक्त ताकीद: तिथे ओळख दाखवायची नाही. अंक एकच, म्हणून पाळीपाळीने. रोलर कसा धुवावा यावर मी गंभीरपणे मान डोलावत बसलो होतो. मामा परक्यासारखे जवळ आले. "काय साहेब, झालं का? आम्हालाही वाचू द्या की." आणि मी ताडकन उठून म्हणालो, "घ्या ना मामा!" झालं, वाट लागली! बाई चष्म्यावरून बघतायत, तोच दारातून मेव्हणी ओरडली, "मामा, आता मी ना?" बाईंना हसू आवरेना. "कमिटीला सांगते, वाचक वाढलेत म्हणून," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे मामा एकच आहेत, ते नाही सांगत."

अंक येत राहिला. पण यंदा पहिल्याच पानावर चौकट आली: हा शेवटचा अंक. मासिक काढणारेच थकले होते. मामांनी चौकट वाचली, परत वाचली, आणि अंक मिटून जागेवर ठेवला. येताना मी त्यांना चहाला नेलं. कप खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "त्यांनी आधी कळवायचं तरी ना हो, जावईबापू. आपण अजून माणसं आणली असती."